मारुतीचे दोन खांदे

कोप्पीकर रोड, हुबळी
सोमवार, ६ नोव्हेंबर २०००

प्रिय अक्का,
सा. न.

पत्र बघून दचकू नको, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण आपला फोन हॉलमध्ये आहे आणि निवृत्त झाल्यापासून अप्पाही हॉलमध्येच आहेत. ई-मेल करावी तर सायबर कॅफेत पाऊल टाकायला तुला संकोच वाटतो. म्हणून ऑफिसात बसून हे लिहितोय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव.

मुद्दा असा, की मला पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलंय. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आणि जानेवारीत हजर व्हायचं. जायचंय का म्हणशील, तर जायचंय. खूप जायचंय. इथे मी अमरगोळच्या यार्डातल्या अडत्यांची बिलं करणारं सॉफ्टवेअर सांभाळतोय. परवाच्या लक्ष्मीपूजनाला एका अडत्यानं कॉम्प्युटरला हार घातला. हार घालू दे, पण त्यानं अक्षता फ्लॉपीच्या खाचेत टाकल्या. मी जाऊन चिमट्यानं तांदूळ काढले, तर सगळं दुकान मला थोर इंजिनिअर म्हणायला लागलं. माझं दुखणं हेच आहे. मी लिहिलेलं चांगलं की वाईट, हे सांगणारं माणूस इथे एक नाही. पुण्याच्या मुलाखतीत एका बाईंनी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून त्यातल्या चुका काढल्या. मी इतका खूश झालो, की त्यांना वाटलं याला काही कळलेलं दिसत नाही.

आता अडचण. अप्पा जा म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत. "आयतु, ठीक आहे, मारुतीला विचारू," म्हणाले. तुझ्या लग्नाच्या वेळी विचारलं होतं तसंच. देवघरातल्या मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं ठेवायची, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. अठरा तारखेचा शनिवार ठरलाय.

खरं सांगू का, मला उजवं पडायचीच भीती वाटते. संध्याकाळी यायला मला जरा उशीर झाला, की अप्पा फाटकापाशी उभे असतात. विचारलं तर म्हणतात, विजेचं मीटर बघत होतो. रोज बघतात. मी गेलो तर ते मीटर कशासाठी बघायचं त्यांनी? मी जायला त्यांना नकोय, फक्त तसं तोंडानं म्हणणार नाहीत. काय करू ते सांग. घरी यातलं अक्षर बोलू नको, तुला शपथ आहे.

तुझा
श्रीहर्ष


॥ श्री ॥
केशवापूर, हुबळी
दि. ८ नोव्हेंबर २०००

चि. सौ. वेदश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, चि. श्रीहर्षास पुण्यास नोकरीचे बोलावणे आले आहे. फोनवर बोलण्याची सोय नाही. तो घरात असला की कान देऊन असतो, आणि तो नसला की तुझी आई असते. तरी उत्तर माझे मित्र वादिराज मास्तर यांच्या पत्त्यावर पाठवणे. ते पाकीट फोडणार नाहीत. त्यांच्या मुलाची पत्रे आपल्या पत्त्यावर येतात, त्यामुळे परस्परांवर विश्वास आहे.

गेल्या रविवारी श्रीहर्षने माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली, उघडून आत नाक घालून वास घेतला आणि परत वर ठेवली. मी पेपर वाचत असल्याचे दाखवले. पोराचे मन तिकडे गेलेले आहे, केवळ माझ्यामुळे पाय निघत नाही. मी जन्मभर विद्यार्थ्यांना बाहेर पडा, जग बघा, असे सांगत आलो. स्वतःच्या मुलास तेच सांगताना जीभ उचलत नाही, म्हणून मारुतीवर सोपवले. कौल उजवा मिळेल याची मला खात्री आहे. कशी, ते विचारू नकोस.

तुमच्या भागात राहण्याची सोय होईल का? ज्वारीची भाकरी नीट थापणारे कोणी आहे का? पाणी बाधत नाही ना? त्याला सकाळी तीन वेळा उठवावे लागते. सध्या ते काम मी करतो, पुढे कोण करील तेही कळव.

माझी काळजी नको. मला दिवस पुरत नाही. सदर पत्राविषयी श्रीहर्षजवळ अवाक्षर काढू नये, तुला माझी शपथ आहे. श्रीकांतरावांना नमस्कार सांगणे.

प्रभंजन कट्टी
निवृत्त विज्ञान शिक्षक


पुणे, १३ नोव्हेंबर

प्रिय श्रीहर्ष,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण मध्येच श्रीकांतनं ते हिसकावून घेतलं. चुका काढल्या म्हणून खूश होणारा माणूस त्यानंही पहिल्यांदाच बघितला.

चुकाच काढून हव्यात ना, मग पुण्यालाच ये. इथे त्यासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. परवा मी वाण्याला म्हटलं, शेंगदाणे जरा चांगले बघून द्या की हो. तो म्हणाला, "बाई, वाईट आम्ही ठेवतच नाही." इतकी वर्षं झाली, अजून मला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? हुबळीची म्हटलं की म्हणतात, मराठी बरं बोलता. आधी रडू यायचं. हल्ली मीही जिन्यात नव्या भाडेकरूंना गाठून विचारते, तुम्ही मूळच्या कुठल्या?

मागची खोली रिकामी करायला घेतलीय. माझा यात स्वार्थ आहे, लपवत नाही. या गावात मला सगळं मिळतं, पण अर्धं कन्नड अर्धं मराठी असं मोकळेपणानं भांडायला घरचं माणूस मिळत नाही. श्रीकांतशी भांडताना मला वाक्य जुळवावं लागतं आणि तेवढ्यात राग जातो.

अप्पांचं तुला वाटतं तसं नसेलही. याहून जास्त मी सांगू शकत नाही, का ते विचारू नको. तू सरळ त्यांच्यासमोर बस आणि म्हण, "अप्पा, मी जाऊ का?" चार शब्द आहेत, मधे मारुती कशाला हवा?

तुझी
अक्का


पुणे, १३ नोव्हेंबर

ती. अप्पांस शि. सा. न.

आधी एक गोष्ट. मुलीला पत्र लिहिताना सहीखाली निवृत्त विज्ञान शिक्षक असं लिहायची गरज नाही. मला माहीत आहे.

राहायला आमची मागची खोली आहे. भाकरी कोपऱ्यावरच्या हिराबाई थापतात आणि त्या तुमच्याही पसंतीला उतरतील. पाणी बाधत नाही. उठवायचं काम मी करीन, मात्र तीन वेळा नाही. पहिल्याच वेळी तोंडावर पाणी मारीन.

तुम्हाला दिवस पुरत नाही हे वाचून बरं वाटलं. विजेचं मीटर कसं चाललंय?

अप्पा, तुमच्या मनात काय आहे ते एकदा त्याला सांगा. जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा, पण तुम्ही म्हणा. खात्री कशी ते विचारू नकोस असं तुम्ही लिहिलंय, तेव्हापासून मला तीच एक काळजी लागलीय.

तुमची
वेदश्री


कोप्पीकर रोड, हुबळी
सोमवार, २० नोव्हेंबर

अक्का,

काय झालं ते ऐक आणि हसू नको.

तू सांगितलंस तसं शुक्रवारी मी अप्पांच्या समोर जाऊन बसलो. "अप्पा," म्हटलं. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "पेपर वाचून झाला का?" त्यांनी पेपर दिला. चार शब्दांपैकी पहिलाच काय तो बोलून झाला.

मग शनिवारी जे केलं ते केलं. अप्पा सोवळं नेसायला गेले तेव्हा मी देवघरात एकटा होतो. खिशात ऑफिसातली डिंकाची बाटली होती. मारुतीच्या उजव्या खांद्यावर बोटानं डिंक लावला. म्हणजे उजवं फूल धरून राहील, डावं आपोआप पडेल, देव नाही म्हणेल आणि अप्पांच्या मनासारखं होईल. मी त्यांच्यासाठी थांबलो असंही त्यांना वाटायला नको. प्रोग्रॅममध्ये कुठेही चूक नव्हती, मी दोनदा तपासला.

अप्पांनी दोन्ही फुलं ठेवली. आधी गंध लावताना त्यांनी बराच वेळ घेतला, मला वाटलं भक्तीनं. मग खणखणीत आवाजात प्रश्न विचारला आणि आम्ही बसलो. डावं पडेना. आई येऊन पानं घेऊ का विचारून गेली. पडेना. मी पंखा लावू का म्हटलं, तर अप्पा खवळले, "सुम्मने गप्प बस, देवावर दडपण आणू नकोस." शेवटी भाजी गार झाली तेव्हा उठलो. सकाळी पाहिलं तर दोन्ही फुलं तशीच, अगदी ऐटीत.

उजवं का पडलं नाही ते मला माहीत आहे. डावं का पडलं नाही, हे विचार करकरून डोकं भणाणलंय. डाव्या खांद्याला तर मी बोटही लावलं नव्हतं. मी लबाडी केली म्हणून देव रुसला असेल का? मी देवाला फारसं न मानणारा माणूस, पण रविवारी गुपचूप मारुतीला नारळ फोडून आलो. पंचवीस तारखेला अप्पा परत विचारणार आहेत. या खेपेला डिंक जास्त लावतो.

श्रीहर्ष


॥ श्री ॥
केशवापूर, हुबळी
दि. २० नोव्हेंबर २०००

चि. सौ. वेदश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राप्रमाणे मीटर पाहिले. व्यवस्थित चालू आहे. प्रश्नाचे प्रयोजन कळले नाही.

शनिवारी एक विलक्षण प्रकार घडला. तो सांगायचा तर खात्री कशी होती तेही सांगणे आले. डाव्या फुलाखाली मी गंधात गूळ कालवून लावला होता. आपल्या घरातली ही जुनी युक्ती आहे. गूळ वाळला की फूल जागचे हलत नाही. डावे अडकले म्हणजे उजवे पडणार, देव हो म्हणणार आणि पोरगे मोकळ्या मनाने पुण्यास जाणार, असा सरळ हिशेब होता.

उजवे पडले नाही. मी जन्मभर गुरुत्वाकर्षण शिकवले. एकाही वर्गात ते असे वागले नाही. उजव्या फुलाखाली काहीही नव्हते, माझ्या हाताने ठेवलेले होते. वादिराज मास्तरांना नाव न घेता विचारले, तर ते म्हणाले, भूगोल माझा विषय आहे.

श्रीहर्षचा चेहरा इतका उतरला की बघवेना. जायला मिळत नाही म्हणून असणार. काल तर तो बाहेर जाऊन नारळ फोडून आला. शेंडी खिशातून डोकावत होती. ज्याने कधी देवाला धड हात जोडले नाहीत, तो उजव्या कौलासाठी नवस बोलू लागला. आता मागे हटणे नाही. पुढच्या शनिवारी गूळ वाढवतो.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. उजवे फूल अडले तेव्हा क्षणभर मला बरे वाटले. मग माझी मलाच लाज वाटली.

प्रभंजन कट्टी
तुझे अप्पा


पुणे, २३ नोव्हेंबर

ती. सौ. आईस सा. न.

तुझ्या घरात दोन माणसं राहतात. एका हॉलमध्ये बसतात, एका पेपरची पानं वाटून घेतात आणि एकमेकांशी बोलायचं झालं की तिकीट लावून पुण्याला पत्र टाकतात. दोघांनीही मला शपथ घातलीय. त्या दोन्ही शपथा मी आज मोडतेय. पाप लागलं तर अर्धं अर्धं वाटून घ्या म्हणावं.

आई, हे पत्र तू रात्री दोघं पानावर बसले की मोठ्यानं वाच. वाचून होईपर्यंत भात वाढू नको, म्हणजे कुणी उठून जाणार नाही.

अप्पा, उजवं फूल पडलं नाही, कारण श्रीहर्षनं त्याखाली डिंक लावला होता. श्रीहर्ष, डावं पडलं नाही, कारण अप्पांनी त्याखाली गूळ लावला होता, आपल्या घरातली जुनी युक्ती म्हणे. श्रीहर्षला जायचंय. अप्पांना तो जायला नकोय. आणि हे दोघेही देवाकडून दुसऱ्याच्या मनासारखं वदवून घ्यायला निघालेत. मारुतीनं डोंगर उचलला असेल, पण तुम्हा दोघांना उचलणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

तुमची पत्रं वाचून मी हसले, मग रडले, मग भाजी करपली. यापुढे मी कुणालाही गुपचूप उत्तर पाठवणार नाही. तीस तारीख जवळ आलीय. समोरासमोर बसला आहात, तर बोला.

आई, आता भात वाढ.

वेदश्री


केशवापूर, हुबळी
बुधवार, २९ नोव्हेंबर

चि. सौ. वेदश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं, म्हणजे दुसरा शनिवार होऊन गेल्यावर. त्या शनिवारी तर दोघांनी ताळच सोडला होता. फुलं वाळून पापड झाली तरी खांदे सोडेनात. रविवारी बघते तर मारुतीच्या डाव्या खांद्यावर मुंग्यांची रांग, आणि उजव्या खांद्याचं फूल ओढलं तर पाकळ्या हातात आल्या, देठ तिथेच. मी काय ते समजले. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. कढत पाणी केलं आणि मारुतीला घासून आंघोळ घातली.

तू सांगितलंस तसं रात्री पानावर वाचलं. गुळापर्यंत आले तेव्हा तुझ्या अप्पांनी तांब्या उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. "डिंक?" म्हणाले. श्रीहर्ष म्हणाला, "गूळ?" मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच सगळं करून ठेवलंय. मला हसू आवरेना.

पण नंतर जे झालं त्याला हसू आलं नाही. तुझ्या अप्पांनी त्याला विचारलं, "तुला जायचंय?"

"हो," म्हणाला.

"मला तू जाऊ नयेस असं वाटतं."

"माहीत आहे, अप्पा."

दोघेही रिकाम्या ताटाकडे बघत बसले. शेवटी मी विचारलं, गुळाची युक्ती घरातली जुनी म्हणता, ती कुणाची? मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मी तर कधी ऐकली नाही. तेव्हा कळलं ते तुलाही कळायला हवं. लग्नाच्या आधी यांना मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. मामंजींनी याच मारुतीला कौल लावला आणि डावं पडलं. उजव्याखाली गूळ लावताना यांनी दाराआडून पाहिलं होतं. पाहिलं आणि गप्प राहिले.

श्रीहर्षनं विचारलं, "अप्पा, बोलला का नाहीत?"

म्हणाले, "अण्णांनी मला नुसतं राहा म्हटलं असतं तरी मी राहिलो असतो. त्यांनी म्हटलं नाही, फूल चिकटवलं. आणि मीही आता तेच करत होतो, फक्त खांदा बदलला." मग म्हणाले, "म्हणून तोंडानं सांगतो. तू जा. मला आवडणार नाही, तरी जा."

श्रीहर्ष लहान मुलासारखा रडला. मी विचारलं, "तुम्ही मुंबईला गेला असतात तर मी कुठे भेटले असते?" तर म्हणतात, "म्हणून तर आजवर अण्णांवर राग धरला नाही." हे वाक्य मला नवऱ्यानं इतक्या वर्षांनी ऐकवलं, तेही डिंकाच्या निमित्तानं. मग मी भात वाढला.

काल श्रीहर्षनं कंपनीला हो कळवलं. सकाळी बॅग खाली काढली, ती तुझ्या अप्पांनीच पुसून दिली. अमरगोळच्या अडत्यांना निरोप गेला, तर ते म्हणाले, यापुढे आम्ही अक्षता टाकणार नाही, पण जाऊ नका.

आता माझं ऐक. हो झालं, नाही झालं, पण या सगळ्यात मला कुणी काही विचारलंच नाही. म्हणून आज सकाळी मीच मारुतीच्या खांद्यांवर दोन ओली फुलं ठेवली आणि विचारलं, श्रीहर्षबरोबर मीही पुण्याला जाऊ का? त्याची खोली लावून देईन, वेदश्रीशी पोटभर भांडेन आणि संक्रांत करून येईन. मी हात मागे घेण्याआधीच उजवं फूल खाली पडलं. मी काहीही लावलं नव्हतं, तुझी शपथ.

तुझ्या अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि मी?"

म्हटलं, तुमचं तुम्ही विचारा.

तेव्हापासून देवघरात बसून गंध उगाळतायत. शनिवारचीही वाट बघायला तयार नाहीत. उगाळता उगाळता सारखे मारुतीच्या डाव्या खांद्याकडे बघतात. तुझ्या मागच्या खोलीत आणखी दोन गाद्या मावतात का ते बघून ठेव. श्रीहर्षची डिंकाची बाटली मी उचलून कपाटात ठेवलीय, आणि गुळाचा डबा मुद्दाम यांच्या हाताशी राहील असा ठेवलाय.

तुझी
आई